जेवू घालणाऱ्याची खोली

बाबांनी मृत्युपत्र केलं तेव्हा ते चांगले ठणठणीत होते, आणि केलं त्याच दिवशी त्यांनी ते आम्हा सगळ्यांना समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकीच्या घरांत असले कागद बापाच्या तेरवीनंतर पेटीतून निघतात. आमच्या बाबांना लपवाछपवी जमायची नाही. दुर्गच्या कचेरीत ते नोंदवून बाबा सायकलवर भिलाईला कॅम्प वनमधल्या घरी परत आले, हातपाय धुतले, चष्मा लावला आणि पोथी वाचावी तशा आवाजात सुरू झाले. माझं नुकतंच लग्न झालं होतं, कुम्हारीहून मी माहेरपणाला आले होते. मोठा भाऊ पोलादाच्या प्लांटमध्ये लागला होता, धाकटा कॉलेजच्या नावाखाली पावर हाउसच्या चौकात उभा राहायचा. आई दाराशी तांदूळ निवडत बसली होती.

बाबा त्याच प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्ट्यांवर, कामाला होते. भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतातून उठून तरुणपणी भिलाईला आलेला माणूस, पण इथं आल्यावर तो असा काही प्लांटचा झाला की घरातला प्रत्येक प्रश्न प्लांटच्या पद्धतीनं सोडवू लागला. आम्ही मस्ती केली की आम्हाला चार्जशीट मिळायची. आई जेवायला उशीर करायची त्याला ते ब्रेकडाऊन म्हणायचे. आणि प्लांटमधल्या सगळ्या गोष्टींत त्यांचा सर्वांत जास्त विश्वास होता इन्सेंटिव्हवर. उत्पादन चांगलं झालं की पगाराच्या वर जे मिळायचं, ते. "पगार त सबनच घेते," ते म्हणायचे, "हात चालते ते इन्सेंटिव्हनं."

आमच्या मागच्या गल्लीत त्यांच्याच शिफ्टमधल्या एकाची विधवा आई होती. तिची मुलं तिला महिन्यामहिन्यानं वाटून घ्यायची. म्हातारी आपली पत्र्याची पेटी घेऊन एका घरातून दुसऱ्या घरी जायची, आणि महिना एकतीस दिवसांचा असला की त्या शेवटच्या दिवशी तिला जेवायला कोणी घालायचं यावरून भावांची जुंपायची. एकदा ती तशा दिवशी आमच्याकडे येऊन जेवली. बाबांनी तिला जेवताना पाहिलं आणि त्यांचं स्वतःचं जेवण तसंच राहिलं. त्यांच्या मृत्युपत्राचा उगम त्या ताटात आहे असं मला वाटतं.

वाटणी साधी होती. गावाकडचं शेत मोठ्याला. कॅम्प वनच्या घरात एकामागे एक तीन खोल्या होत्या, त्यातल्या मागच्या दोन धाकट्याला. मला लग्नात दिलं ते दिलं. राहिली रस्त्याकडची समोरची खोली. तिच्याबद्दल बाबांनी लिहिलं होतं की माझी बायको मरेपर्यंत या खोलीत राहील, आणि जो कोणी तिला शेवटपर्यंत जेवू घालील त्याची ही खोली होईल.

एवढं वाचून त्यांनी चष्मा काढला आणि आमच्याकडे असं पाहिलं, जसं काही आता टाळ्या वाजतील.

"मले कायले टाकलं वाटणीत?" आई म्हणाली. "मी काय भांडं आहो?"

"तुह्याचसाठी त लिहिलं," बाबा हसले. "पाहजो, दोघं बी हातावर घेऊन नाचवतील तुले."

मीही हसले होते. म्हटलं, "बाबानं आईवर इन्सेंटिव्ह लावलं." सगळे हसले, आईसुद्धा. तेव्हा त्या खोलीची किंमत एका खाटेएवढी होती. पावसात गळायची, समोरून नाली वाहायची. तिच्यासाठी कोणी कोणाला जेवू घालेल हे कोणाच्या डोक्यातही येण्यासारखं नव्हतं.

बाबा गेल्यावर बरीच वर्षं ते आलंही नाही. मोठ्यानं शेत विकून टाकलं, तो सेक्टरमधल्या प्लांटच्या क्वार्टरमध्ये सुखात होता. धाकटा मागच्या दोन खोल्यांत बायकोपोरांसह राहायचा आणि मोबाइल दुरुस्तीचं काम करायचा. आई समोरच्या खोलीत एकटीच स्टोव्हवर आपला भात शिजवायची. धाकट्या भावजयीकडे काही खास झालं तर एक वाटी यायची. मोठा सणावारी यायचा, जाताना आईच्या हातात सफरचंदं द्यायचा आणि आई ती शेजारच्या पोरांना वाटून टाकायची, कारण तिला सफरचंद चावता यायचं नाही. मी रविवारी बसनं जायचे. मला भावांचा राग यायचा, पण खरं सांगते, ती वर्षं आईची बरी गेली. तिला कोणी विचारत नव्हतं आणि ती पोटभर जेवत होती.

मग त्या रस्त्याचा भाव चढला. नाली झाकली गेली, दोन्ही बाजूंना दुकानं आली, आणि ज्याच्या घराला रस्त्याकडे एक खोली होती तो तिला शटर लावून बसला. मोठ्याची रिटायरमेंट जवळ आली होती. क्वार्टर सोडावं लागणार, आणि शेताचे पैसे तर कधीच मुलाच्या कोचिंगमध्ये आणि मुलीच्या लग्नात गेले होते. धाकट्याला दुकान दुसऱ्याच्या जागेत चालवायचा कंटाळा आला होता. दोघांनाही एकाच आठवड्यात बाबांची आठवण आली. धाकट्यानं पेटीतून मृत्युपत्र काढून ते लॅमिनेट करून आणलं.

पहिल्या दिवशी मोठी वहिनी सेक्टरहून स्कूटीवर डबा घेऊन आली, तेव्हा आईनं मला मुद्दाम फोन केला. "बाई, आज मुनग्याच्या शेंगांची भाजी आली मोठीकडून. अन धाकटीनं बी ताट आणलं. मी कोणतं खाऊ?" आवाजात लाज होती आणि आनंदही होता. मी म्हटलं, "दोन्ही खा. आता तुझे दिवस आले." मला वाटलं, बाबा वर बसून मिशीवर ताव देत असतील. उशिरा का होईना, त्यांची युक्ती चालली.

दोघा भावांनी वकील गाठले होते, आणि दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलाला एकच सल्ला दिला होता, की पुरावा ठेवा. त्यामुळे धाकटी भावजय ताट ठेवल्यावर मोबाइल काढायची. ती राजनांदगावची, हिंदी बोलणारी. "मांजी, इधर देखो. कौर मुँह के पास रखो." आई घास उचलून तोंडाशी धरायची, फोटो निघायचा, मग ती तो खायची. मोठी वहिनी मराठीत तेच करायची. फोटो घरच्या ग्रुपवर पडायचे, सकाळी एक, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. खाली चुलत्यामामांचे जोडलेले हात आणि अंगठे. आजवर आईचा एकटीचा असा फोटो नव्हता. आता रोज निघत होते, आणि प्रत्येकात तिचं तोंड उघडं होतं.

दोघींची नजर एकमेकींच्या भांड्यांवर असायची. मोठीचा डबा अर्धा परत गेला तर ती म्हणायची, "त्यायचं चांगलं लागते न तुमाले." धाकटीच्या ताटात भात उरला तर ती मागच्या खोलीत भांडी आपटायची. म्हणून आई दोन्ही संपवू लागली. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई दोन सुनांचं दोनदा जेवायची. मग पोट धरून पडायची. एकदा तिला ओकारी झाली तर दोन्ही सुना त्यावर वाकून कोणाची भाजी निघाली ते पाहत होत्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी ओरडले तेव्हा आईच म्हणाली, "राहू दे वो. त्याइले बी घर चालवा लागते."

मी भावांना समोरासमोर बसवलं. म्हटलं, खोली अर्धी अर्धी लिहून घ्या आणि आईला सुखानं जेवू द्या. दोघंही लगेच तयार झाले, पण खोलीला दार एकच. शटर लागेल तर एकच लागेल. भिंत घातली तर एकाच्या वाट्याला रस्ता येणार आणि दुसऱ्याच्या वाट्याला अंधार. मग मी म्हटलं, दिवस वाटून घ्या. सोम-बुध-शुक्र एक, बाकी दुसरा.

मोठ्यानं बराच विचार केला. तो वाईट माणूस नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. तो म्हणाला, "दिवस वाटून घेतले त घेतले. पण बाबानं 'शेवटपर्यंत' लिवलं आहे. शेवटचा दिवस कोणाचा येईन, हे कोणाले मालूम?"

धाकट्यानं मान हलवली. त्या विषयावर दोघा भावांचं एकमत झालेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

उन्हाळ्यात मी आईला कुम्हारीला घेऊन आले. भावांना विचारलं नाही. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती, माझे यजमान म्हणाले, आणा त्यांना, थोडं अंग धरतील. आल्या दिवशी मी तिला मऊ भात आणि लाखोरीचं वरण वाढलं, वरून तेल. तिनं कालवलं, घास उचलला आणि तोंडाशी नेऊन थांबली. मला वाटलं, दात दुखतोय. ती माझ्याकडे पाहत होती. हात तसाच हवेत. मग माझ्या लक्षात आलं, ती फोटो निघायची वाट पाहत होती.

"आई, खा ना वो," मी म्हटलं.

ती ओशाळली. "सवय पडली," म्हणाली आणि खाली मान घालून जेवली. तीन-चार दिवसांत तिची ती सवय सुटली. हळूहळू अंगणात बसू लागली, हायवेवरच्या गाड्यांचे आवाज ऐकत झोपू लागली. एकदा तर तिनं माझ्या वरणाला नावं ठेवली. मला इतका आनंद झाला की मी ते यजमानांना दोनदा सांगितलं.

त्यानंतर दोघं भाऊ आले. वेगवेगळ्या गाड्यांवर, पण एकाच वेळी. एवढ्या वर्षांत माझ्या घरी ते असे एकत्र कधी आले नव्हते. चहा घेतला. इकडचं तिकडचं झालं. मग मोठ्यानं कप खाली ठेवला. "बाई, मले एक सांग. तुले पाहिजे का ते खोली?"

मला आधी कळलंच नाही.

"त्यात 'जो कोणी' लिवलं आहे," धाकटा म्हणाला. "वकील बोल रहे थे, बेटी बी येऊ शकते. ताई, मी तुह्यावर शक नाई करून राहिलो. पर आई इथं जेवून राहिली न? अन उद्या काही झालं तर?"

मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. मी त्यांना गिधाडं म्हटलं, हे आठवतं. बाबांचं नाव काढलं. माझे यजमान मला आवरत होते आणि शेजारची बाई गेटपाशी येऊन उभी राहिली होती. एवढ्या गोंगाटात आई आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तिची पिशवी होती. लुगडी, औषधं, कंगवा, सगळं भरून.

"चाल," ती मोठ्याला म्हणाली. मग धाकट्याकडे वळली. "नाई त तुह्या गाडीवर बसू? कोणाच्या गाडीवर बसली त चालन? ते बी सांगून द्या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी मी रिक्षा बोलावली. ती एकटी रिक्षात बसून गेली आणि मागे-पुढे दोन मोटरसायकली. रस्त्यावरच्या माणसाला वाटलं असतं, कोण मोठी बाई चालली आहे.

परत गेल्यावर तिनं जेवण कमी केलं. आधी म्हणायची, भूक नाही. मग म्हणायची, नंतर खाईन. सुनांचं ताट आणि डबा येतच राहिले, फोटोही निघत राहिले, पण आता घास तोंडाशी जायचा आणि फोटो निघाला की परत ताटात ठेवला जायचा. हे मला ग्रुपवर कळायला मार्गच नव्हता. मी पंधरवड्यानं गेले तेव्हा तिचे हात पाहून दचकले. हातातलं कडं कोपरापर्यंत सरकत होतं.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरनी सगळं तपासलं आणि मला बाजूला घेऊन हिंदीत विचारलं, यांना भूक लागत नाही, की यांना खायचं नाही? मी म्हटलं, तुम्हीच विचारा. त्यांनी विचारलं. आई त्यांच्याकडे पाहून गोड हसली. सलाईन लावलं. बाहेर व्हरांड्यात दोन्ही भाऊ कागदावर सही कोण करणार यावरून हळू आवाजात भांडत होते. सलाईन म्हणजेही एक प्रकारे जेवणच, असं मोठ्याच्या वकिलानं सांगितलं होतं म्हणे. ते ऐकून एक नर्स हसली. मग तिला कळलं की हे खरंच बोलत आहेत, आणि ती तिथून निघून गेली.

आईनं हट्ट धरून घरी आणवून घेतलं. मी शाळेतून रजा काढून तिच्यापाशी राहिले. समोरच्या खोलीत तिची खाट, उशाशी स्टुलावर धाकटीचं ताट, खाली मोठीचा डबा. दोन्ही झाकलेले. बाहेर बाजार भरलेला, भाजीवाल्यांची ओरड, हॉर्न. मी पेज केली. तिच्याच स्टोव्हवर, चिमूटभर मीठ घालून, तिला आवडते तशी पातळ. चमच्यानं तोंडाशी नेली. तिनं ओठ घट्ट मिटले.

"दोन चमचे," मी म्हटलं. "कोणी नाही बघत. मी कोणालाच सांगणार नाही."

तिनं मान फिरवली. मी चमचा परत नेला. मला राग आला. मरायला टेकलेल्या आईचा मला राग आला आणि मी म्हणाले, "त्यांच्यावरचा राग माझ्यावर कावून काढून राहिली तू?" लहानपणीची बोली आपोआप तोंडात आली.

मग तिनं माझा हात धरला. हातात जोर नव्हता, पण आवाज साफ होता. "तुह्यावर कायचा राग, माय? तुह्या हातचं खाल्लं त हे तुह्या मागं लागतीन. तुले कोर्ट-कचेरीत उभं करतीन. अन त्याइचं खाल्लं त एक जिततो, एक हारतो. मी जेवली का कोणी न कोणी हारतेच." ती थोडी थांबली, दम लागला होता. "तुह्या बाबाले समजलं नाई. आईले असं लावू नये."

पेज निवत गेली, तिच्यावर साय धरली. मी ती मोरीत ओतली आणि वाटी घासून ठेवली. तिनं माझ्याकडून पाणीसुद्धा घेतलं नाही. मी कापूस ओला करून ओठांना लावत राहिले, तेवढं तिनं लावू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मोठी वहिनी डबा ठेवून मागच्या खोलीत हात धुवायला गेली होती तेव्हा, ती गेली. मी तिच्याजवळ होते. तिचं तोंड मिटलेलंच होतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. दोघांनी डोकी भादरली, दोघांनी खांदा दिला, आणि रडले तेव्हा दोघंही खरे रडले. मला ते खोटं म्हणता येत नाही. मोठा तर तिच्या पायांवरून उठेना. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या क्षणी मला वाटलं की आता संपलं, आता ही पुन्हा माझी भावंडं झाली.

तिसऱ्या दिवशी शिवनाथ नदीवर राख सावडून आम्ही परत आलो. समोरच्या खोलीतली खाट बाहेर काढली होती, फरशी धुतली होती, त्यामुळे खोली एकदम मोठी दिसत होती. भाऊ भिंतीला टेकून बसले. ओली धोतरं, तुळतुळीत डोकी, अगदी बाबांसारखे दिसत होते दोघंही. सुनांनी चहा आणला. मग मोठ्यानं घसा साफ केला.

"बाई, तू होती तिच्यापाशी. तू खोटं नाई बोलणार, हे आमाले दोघालेही मान्य आहे. शेवटचा घास कोणाचा होता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही सुना दारात थांबल्या होत्या, ट्रे हातातच.

"कोणाचाच नाही," मी म्हटलं. "तुझा नाही, त्याचा नाही, माझा नाही. तुमची आई या खोलीत उपाशी मेली. तिनं ठरवून तोंड मिटलं."

मोठ्याची मान खाली गेली. धाकट्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तो गदागदा हलू लागला. मला वाटलं, पोचलं. एवढ्या दिवसांत प्रथमच माझं बोलणं कुठंतरी पोचलं. मी उठून त्याच्याजवळ गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यानं नाक पुसलं, डोळे पुसले आणि माझ्याकडे वर पाहून हळूच विचारलं, "अन त्याच्या आधीचा, ताई?"